उस्मानभाई आणि बाणाची बैठक

उस्मानभाईंना धनुष्यबाणात काडीचाही रस नव्हता. त्यांना रस होता तो धनुष्यातून निघणाऱ्या आवाजात, आणि तोही तो बंद करण्यात.

एकोणीसशे तीसनंतरची काही वर्षं मी नाशकात काढली. दिवसा एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि संध्याकाळी जुन्या नाशकातल्या एका व्यायामशाळेत मुलांना धनुर्विद्या. शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात पेठच्या डोंगरातून आलेली बांबूची धनुष्यं होती, गवताच्या पेंढ्या बांधून केलेलं निशाण होतं आणि मी होतो. मला ही विद्या येते असा समज व्यायामशाळेच्या चालकांनी कशावरून करून घेतला देव जाणे. माझी उंची पाहून असावा.

मैदानाची एक भिंत उस्मानभाईंच्या दुकानाला लागून होती. ते पेटीवाले. बाजाच्या पेट्या बांधायचे, फुटलेले भाते सांधायचे, बिघडलेले सूर जागेवर आणायचे. एका संध्याकाळी ते तणतणत मैदानात आले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर गोल टोपी, उजव्या कानाच्या पाळीत अत्तराचा फाया, हातात बारीक कानस आणि दातांत पेटीतला एक पितळी सूर, म्हणजे वाजणारी पातळ जीभ. तो न काढताच ते बोलले.

"मास्तर तुम्हीच का?"

"हो."

"तुमचा बाण बेसूर आहे."

मी म्हटलं, "बाणाला कसला आलाय सूर?"

"तेच म्हणतो मी. नसायला पाहिजे. सुटताना खर्र करतो. मी तिकडं पेटीची काळी चार पट्टी लावतोय आणि भिंतीतून हा खर्र येतो. दर बाणाला येतो. आता मी काळी चार लावू का तुमचा खर्र लावू?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मुठीच्या वर बाण टेकायला एक लहान खाच असते, ती बाणाची बैठक. आणि सुटताना बाण मुठीच्या ज्या बाजूला चाटून जातो, ती धनुष्याची कूस. आमच्या धनुष्यांची ही दोन्ही ठिकाणं उघड्या बांबूची होती, त्यामुळे बांबूवर बांबू घासायचा. मला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो शौर्याचाच भाग वाटत असे. उस्मानभाईंनी धनुष्य घेतलं, बैठकीवर नख ओढलं, मग ती खाच खालच्या ओठावर घासून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"राहू द्या माझ्याकडं," म्हणाले आणि धनुष्य घेऊन गेलेसुद्धा.

त्या कानांचा नाशकात बोलबाला होता. सिन्नर-विंचूरपासून भजनी मंडळी बैलगाडीत पेट्या घालून त्यांच्याकडे येत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच, दगडावर आदळून पेटी कण्हली की हे आत बसल्या बसल्या सांगत, "खालचा पंचम गेलाय." घर त्या कानांवर चाललं होतं, आणि तोराही. त्यांना विनय नावाची वस्तू ठाऊक नव्हती. नाशकात पेटी लावणारा दुसरा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर ते जरा आठवल्यासारखं करत आणि म्हणत, "माझे वालिद होते. पण ते वारले."

दुसरी खोड म्हणजे हातात मावणारी कुठलीही वस्तू ते दातांत धरायचे. कानस, सुई, सूर, सरसाची कांडी. त्यांच्या बायको जैनबभाभी आतल्या दाराच्या पडद्याआडून ओरडायच्या, "तोंड आहे का औजारांची पेटी?" त्यावर उस्मानभाई काहीतरी उत्तर द्यायचे, पण तोंडात औजार असल्यामुळे ते कुणालाच कळायचं नाही, आणि त्यामुळेच तो संसार सुखाचा झाला असं माझं मत आहे.

धनुष्य परत आलं ते तांबडी बनात लावून. पेटीच्या पट्ट्यांखाली जी जाड लोकरी बनात घालतात तीच. मी बाण सोडला. खरोखरच आवाज नाही. फक्त दोरीचा टणत्कार. उस्मानभाई भिंतीला टेकून उभे होते. जणू मी बाण सोडला नव्हता, त्यांनीच सोडला होता.

"झाकीर चाकूवाल्याला सांगितलं, भडभुंज्याला सांगितलं," ते म्हणाले, "धनुष्य गप केलं म्हणून."

श्रावणात त्या बनातीनं दगा दिला. ती पाणी प्यायली, फुगली आणि कुशीला लावलेल्या तुकड्यानं बाणाला डावीकडे ढकलायला सुरुवात केली. नेम निशाणावर धरावा आणि बाण जावा शेजारच्या वाळत घातलेल्या धोतराकडे. मी ओली बनात त्यांना दाखवली. त्यांनी ती पिळली, हुंगली आणि परत दिली.

"बनात बरोबर आहे," म्हणाले. "या वर्षी पावसाचंच काहीतरी चुकतंय."

पण त्या दिवसापासून ते पेटले. म्हशीच्या शिंगाची पातळ चकती घासून लावली. शिंग पाणी पीत नाही, फुगत नाही, पण बाण लागला की थंडीत दात वाजावेत तसं वाजायचं. मग मखमल आणली. ती कुठून आणली हे मला भाभींच्या आवाजावरून कळलं. मखमल मऊ, गप्प, दिसायलाही राजेशाही. पण बाणाच्या पिसांनी तिची लव आठवड्याभरात उडाली आणि मधोमध टक्कल पडलं. प्रत्येक जिन्नस ते आधी खालच्या ओठावर घासून बघत. मी एकदा विचारलं, ओठ कशाला, हात आहेत की.

"हात कामाचे असतात, मास्तर. घट्टे पडलेला हात खोटं बोलतो. ओठाला काय काम असतं? बोलायचं. म्हणून तो मऊ राहतो."

शेवटी कातड्यावर आलो, आणि तिथं वेगळीच पंचाईत. धनुष्यांची दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायची, मुलं ती कपाळाला लावायची. उस्मानभाईंनी मांडी घालून विषय असा काही समोर घेतला की जणू पंचायत बसली आहे.

"गाईचं तुम्हाला चालणार नाही. डुकराचं मी शिवणार नाही. म्हशीचं जाड, बाण बाहेर फेकील. राहिला बकरा. बकरा सगळ्यांना चालतो. फक्त बकऱ्याला कुणी विचारत नाही."

बकरीदेला घरी जो बकरा झाला त्याच्या पायावरच्या कातड्याचा तुकडा त्यांनी केसांसकट राखून ठेवला. पायावरचे केस आखूड आणि चिवट असतात. तुरटी, मीठ, तेल, काय काय करून तो कमावला आणि सरसानं लावून दिला. मी सोडलेला पहिला बाण निम्म्या वाटेत जमिनीत घुसला. दुसराही. केस बाणाच्या उलट्या दिशेला लावले होते, त्यामुळे बाण जाताना मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवावा तसा अडत होता. हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी धनुष्य काढून घेतलं, कातडं खरवडलं आणि फिरवून लावलं.

"बकऱ्याचाच स्वभाव उलटा होता," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचा बाण सुटलाच नाही असं मला वाटलं, इतका मुकाट गेला. मी खुशीत येऊन सगळ्याच धनुष्यांना हे लावायला सांगितलं आणि कातड्याचं काय द्यायचं ते विचारलं. तेव्हा मात्र त्यांनी दातांतली सुई काढली, म्हणजे बोलणं गंभीर होतं.

"कुर्बानीचं कातडं विकता येत नाही, मास्तर. देता येतं."

व्यायामशाळेचे अध्यक्ष दामूशेठ. तांबट आळीत त्यांची भांड्यांची मोठी पेढी. धनुष्यांना काहीतरी लावतात हे कानावर गेल्यावर त्यांनाही हुरूप आला. नाशकात पितळेला तोटा नाही, आणि पितळेवर नाव घातल्याशिवाय नाशिककराला ते आपलं वाटत नाही. शेठनी सुबक पितळी पट्ट्या करून घेतल्या, त्यांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि दसऱ्याच्या तोंडावर त्या नेमक्या धनुष्याच्या कुशीला, बाण घासतो तिथंच, खिळ्यांनी ठोकून घेतल्या. बकऱ्याचं कातडं त्यांच्याखाली गाडलं गेलं. बाण सोडला की देवघरात पळी पडल्यासारखा आवाज व्हायचा. शेठ मात्र खूश. त्यांना वाटलं, आता कुठं धनुष्याला वजन आलं.

शेठना सांगणार कोण? व्यायामशाळेचं छप्पर त्यांचं होतं. मी घसा खाकरण्यापलीकडे काही केलं नाही. उस्मानभाई भिंतीपलीकडून आलेच. शेठना अदबीनं आदाब केला, पट्टीवर बोट फिरवून अक्षर किती सुरेख आहे ते सांगितलं आणि मग हळूच म्हणाले, "फक्त एक वाटतं, शेठ. हा बाण जाताना दर वेळी तुमच्या नावाला लाथ मारून जातो."

शेठनी पट्टीवरचं नाव उपरण्यानं पुसलं. मग स्वतःच म्हणाले, "मग आतल्या अंगाला लावा. नेम धरणाऱ्याला दिसेल अशी."

पट्ट्या आतल्या अंगाला गेल्या. शेठनी दसऱ्याच्या प्रात्यक्षिकाला उस्मानभाईंना पहिल्या रांगेत बसवलं आणि उस्मानभाईंनी तिथं बसून, शेजारच्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा आवाजात, आवाज येत नसल्याचं कौतुक केलं.

हे सगळं आठवताना मला हसू येतं. पण पुढचं वर्ष तसं नव्हतं.

कातडी झिजली होती, खालचा बांबू पुन्हा डोकावू लागला होता. बाण पुन्हा खर्र करायला लागला. मला वाटलं आज येतील, उद्या येतील. ते आले नाहीत. शेवटी मीच त्यांना मैदानात बोलावलं आणि त्यांच्या समोर बाण सोडला. लांबवर बसलेल्या मुलांनीसुद्धा माना वळवल्या, इतका मोठा खर्र झाला. उस्मानभाई समाधानानं मान डोलवत होते.

"कसा मुकाट जातो," म्हणाले. "बकरा शेवटी बकरा."

मुलं हसली. त्यांना ती थट्टा वाटली. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

त्यानंतर एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. हाक मारली की ते उत्तर द्यायच्या आधी तोंडाकडे बघायचे. दुसऱ्यांदा विचारलं की फायाकडे बोट करायचे, "अत्तर आहे कानात." फाया काढून ठेवलेला असला तरी बोट तिथंच जायचं. दुरुस्त झालेल्या पेट्या परत येऊ लागल्या. सिन्नरचे एक कीर्तनकार बुवा, ज्यांची पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात कधी गेली नव्हती, तेही दुकानात येऊन अवघडून बसले. "वरले सूर बोचत्यात जरा," एवढं म्हणाले. उस्मानभाईंनी दोष दमट हवेला दिला. पेटी ठेवून घेतली आणि कितीतरी दिवस तिला हात लावला नाही.

एकदा मी दुकानावरून जात असताना पडद्याआडून भाभींनी हाक दिली. उस्मानभाई नमाजाला गेले होते.

"मास्तरसाहेब, तुम्हाला समजलंच असेल. दाराची कडी वाजली तरी यांना कळत नाही आता. वरचे सूर तर गेलेच. कुणाला सांगू देत नाहीत. पेट्या येईनात, हे रिकामे बसून राहतात आणि भिंतीकडे बघतात. रिकामं बसलेलं मी यांना कधी बघितलं नाही हो. तुमच्या धनुष्यांचं काहीतरी काढा. हाताला काम राहील."

दुसऱ्या दिवशी मी सगळी धनुष्यं त्यांच्या दुकानात नेऊन टाकली. सगळ्यांच्या बैठका बदलायच्या म्हणालो. ज्यांच्या ठीक होत्या त्यांच्याही. त्यांनी काही विचारलं नाही. कातडं घेतलं आणि कापायला बसले. पेटीचा माणूस धनुष्य दुरुस्त करत बसलाय, हे येणारे-जाणारे बघत होते, आणि ते बघताहेत हे त्यांनाही दिसत होतं. मी रोज शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसायचो. आम्ही बोलायचो कमी. मला त्यांच्या जवळ बसायला आवडायचं, एवढंच.

अशाच एका दुपारी बुवा पेटी न्यायला आले. दुरुस्त झाली नसली तरी न्यायला. मुंबईला कुणीतरी आहे म्हणाले, नाशिक रोडहून गाडीत घालून पाठवतो. ते काही वाईट बोलले नाहीत. उलट इतकं जपून बोलले की ऐकवेना. "राग नका धरू, उस्मानभाई. सप्ता हाय पुढं, लय लोक येत्यात." उस्मानभाई मान खाली घालून एका धनुष्याची बैठक बसवत होते. बाणाची जाडी मापायला बाण आडवा दातांत धरला होता, नेहमीच्या सवयीनं.

बुवांना वाटलं, आपण उगीच तक्रार करतो असं यांना वाटायला नको. म्हणून त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता मारला आणि वरचा षड्ज दाबून धरला. "हे बघा, हा असा बोचतोय." पेटी पुढे ओढताना तिची कड उस्मानभाईंच्या दातांतल्या बाणाच्या शेपटाला टेकली.

उस्मानभाईंचे हात थांबले.

बुवांनी पट्टी सोडली. उस्मानभाईंनी बोट वर केलं, पुन्हा. बुवांनी पुन्हा दाबली. उस्मानभाईंनी बाण दातांतून काढला, जरा वेळ तसाच धरला, परत दातांत घेतला आणि त्याचं टोक आता मुद्दाम पेटीच्या लाकडावर टेकवलं. डोळे मिटले. मला काय चाललंय ते कळायला थोडा वेळ लागला. बुवांना कळलंच नाही. ते बिचारे पट्टी दाबून घामाघूम झाले होते. तो सूर कानाच्या वाटेनं जात नव्हता, तो बांबूतून दातांत आणि दातांतून आत जात होता.

त्यांनी पेटी उघडली. मला खूण केली. मी पट्टी दाबायला बसलो, बुवा भाता मारायला. कानसेनं सुराचं टोक जरासं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. घासायचे, पट्टी दाबायला लावायचे, बाण टेकवून ऐकायचे. मध्येच माझ्यावर डाफरले, तेही दातांत बाण धरून, "मास्तर, बोट आहे का मुसळ? हळू." ते डाफरले याचा मला इतका आनंद झाला की मी आणखीच जोरात दाबली. पडद्याआड बांगड्या वाजल्या आणि पडद्याची कड जराशी सरकली.

बुवांनी एकेक पट्टी वाजवून पाहिली. मग टोपी काढून डोकं पुसलं. "मुंबई राहिली आता," म्हणाले आणि पेटी उचलून गेले.

उस्मानभाईंनी मग पहिलं काम काय केलं, तर आमचं बैठक बदलायची राहिलेलं एक धनुष्य उचललं, मूठ दातांत धरली आणि मला झिजलेल्या कातड्यावरून बाण ओढायला लावला. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हा केव्हापासून खर्र करतोय?"

"वर्ष होत आलं."

"आणि तुम्ही गप्प बसलात?" ते खरोखरच चिडले होते. "तुमच्या भरवशावर मी लोकांना सांगत फिरतोय की बाण मुकाट जातो म्हणून."

पेट्या हळूहळू परत यायला लागल्या. कान गेल्याचं गल्लीत सगळ्यांना कळलं, पण आता त्यांना ते लपवायचं नव्हतं. उलट त्याचाही तोरा आला. "कान म्हणजे नुसता दरवाजा," ते सांगायचे, "माल आत असतो." आमचा एक मोडका बाण त्यांनी टोकं घासून, ओठाला लागेल तिथं बकऱ्याचं उरलेलं कातडं गुंडाळून कायमचा आपल्याकडे ठेवला. भाता मारायला भाभी पडद्याबाहेर येऊन बसू लागल्या. दुसऱ्या कुणाच्या हाताचा भाता उस्मानभाईंना पसंत नव्हता.

माझी बदली झाली तेव्हा दशक संपत आलं होतं. सामान टांग्यात होतं, नाशिक रोडला गाडी पकडायची होती. टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबवून मी दुकानाशी गेलो. उस्मानभाई दाराकडे पाठ करून बसले होते, पुढ्यात उघडी पेटी, दातांत बाण, बाणाचं टोक लाकडावर, डोळे मिटलेले. भाभी भाता मारत होत्या. मी हाक मारली. अर्थातच ऐकू गेली नाही. भाभींनी मला पाहिलं आणि त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाल्या. मी मानेनंच नको म्हटलं. सुरात असलेल्या माणसाला उठवून निरोप घ्यावा असं मला वाटेना, आणि घेतल्याशिवाय जाववेना.

मी मागून वाकलो, त्यांच्या खांद्यावरून हात लांबवला आणि काळी चार दाबली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत, मागे वळले नाहीत, दातांतला बाणही काढला नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "मुसळ हळू."

मी बोट हलकं केलं. भाभी भाता मारत राहिल्या.